तुटकी पट्टी आणि तीनदा मोजणारी पोर

मी एक पट्टी बोलतेय. सागवानी, जातिवंत, एका कडेला इंच आणि दुसऱ्या कडेला सेंटीमीटर. दप्तरातल्या प्लास्टिकच्या पोरीसोरींशी माझं नातं जोडू नका. मी टेलरच्या टेबलावरची, चांगली एक मीटर लांबीची. म्हणजे होते. सध्या सत्त्याण्णव सेंटीमीटर आहे, आणि उरलेले तीन कुठे गेले ते सांगायलाच तोंड उघडलंय.

अशा आत्मवृत्तांत वस्तू फार गोड बोलतात. मला जपा, माझी कदर करा, वगैरे. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. जन्मभर मी दोनच कामं केली. कापड मोजलं आणि एका पोरीला मारलं. पहिल्याचा मला अभिमान आहे. दुसऱ्यासाठी माझी संमती कुणी घेतली नव्हती. पण जिनं माझा मार खाल्ला तीच पुढे माझी मालकीण झाली, आणि तिलाही एक पोर झाली. तेव्हापासून माझ्या जिवाला एकच घोर होता. ही मला कधी उचलणार?

तर सुरुवातीपासून सांगते. ज्या सुतारानं मला घडवलं तो रंधा मारताना शिट्टी वाजवत होता, पण खुणा कोरताना श्वास रोखून बसला. एक रेघ चुकली तर गावभर तोकड्या विजारी फिरतील, म्हणाला. जन्माला घालताना एवढी खबरदारी माणसं स्वतःच्या पोरांच्या बाबतीत घेत नाहीत, हे मला नंतर कळलं.

मला टेलरमास्तरांनी विकत घेतलं. खाली दुकान, वर घर. मास्तरांच्या हातात कला होती, ती नाकारणार नाही. गिऱ्हाईक उंबरा ओलांडेपर्यंत यांनी त्याच्या खांद्यांचा उतार टिपलेला असायचा. एक खांदा पडका असेल तर आतून गुपचूप पॅड द्यायचे, पोट सुटलं असेल तर बटण जरा सरकवायचे, आणि याची वाच्यता कुठेही करायचे नाहीत. गावाची व्यंगं पोटात घालणारा हा माणूस स्वतःच्या मुलीची टीप वाकडी गेली की माझ्याकडे हात न्यायचा.

मुलगी लुकडी, म्हणून सगळे तिला टाचणी म्हणत. आठव्या वर्षापासून शाळा सुटली की ती दुकानात बसायची. काजं करायची, बटणं लावायची, दोरे कापायची. बॉबिन गुंतली की एक पट्टी. टीप वाकडी गेली की एक. उत्तर दिलं तर उलट बोलते म्हणून, आणि गप्प बसली तर तोंड शिवलंय का म्हणून. या परीक्षेत पास व्हायची सोयच ठेवली नव्हती.

कापड आणि पोर वेळेवर ताणलं नाही तर आकार जातो, असं मास्तर गिऱ्हाइकांना ऐकवायचे, आणि गिऱ्हाइकं माना डोलवायची. पोरांचं ते जाणोत, कापडाचं मी सांगते. ताणून शिवलेलं कापड पहिल्याच धुण्यात आक्रसतं. हे मास्तरांनाही ठाऊक होतं, पण अक्कल ते दुकानात वापरायचे, घरी नाही. त्यांना स्वतःला त्यांच्या उस्तादानं कात्रीच्या मुठीनं बोटांवर मारत शिकवलं होतं. ते हे कौतुकानं सांगायचे, म्हणून तर हात बसला म्हणायचे. डाव्या हाताचं मधलं बोट पुरतं वळत नव्हतं, तो विषय मात्र ते काढत नसत.

टाचणी दहा वर्षांची असताना तिच्या हातून एका कॉलरवर इस्त्रीचा पिवळा डाग पडला. मास्तरांनी मला उचललं. तिनं तळहात पुढे केला, डोळे मिटले आणि ऐन वेळी हात मागे घेतला. मी जोरात येऊन टेबलाच्या लोखंडी कडेवर आदळले. माझे पहिले तीन सेंटीमीटर उडून शिवणयंत्राखाली गेले.

"पट्टी तोडलीस," मास्तर म्हणाले.

म्हणजे मारणारे ते, तुटले मी आणि तोडणारी ती. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. तोडल्याबद्दल तिला उरलेल्या माझ्याकडूनच आणखी दोन बसल्या. त्यांनी नवी पट्टी घेतली नाही, कारण मग हिला धडा कसा मिळणार? नियम असा निघाला की यापुढे मोजायला दहापासून सुरुवात करायची आणि शेवटी दहा वजा करायचे. बाही अठ्ठावन्नची हवी असेल तर खूण अडुसष्टवर.

आता मला सांगा, मार चुकवताना डोळे मिटणारं पोर दहा वजा करायचं कधी तरी विसरणार की नाही? टाचणी विसरली. खूण अठ्ठावन्नवर केली, कात्री चालवली, आणि बाही दहा सेंटीमीटर आखूड झाली. मास्तर जेवायला वर गेले होते. पोरीच्या तोंडचं पाणी पळालं. पण ती रडली नाही. उरलेल्या तुकड्यातून तिनं दहा सेंटीमीटरचा रुंद कफ कापला, दुसऱ्या बाहीलाही तसाच लावला, आणि जोड असा दाबला की माझ्या डोळ्यांदेखत होऊनही मला दिसेना. गिऱ्हाईक खूश झालं. ही नवीन फॅशन आहे, मास्तरांनी ठणकावून सांगितलं. पोरीच्या हुशारीचं श्रेय त्यांनी माझ्या धाकाच्या नावावर जमा केलं.

त्या दिवशी ती वजाबाकी शिकली नाही. झाकायला शिकली. मग प्रगतिपुस्तकावर मास्तरांऐवजी आईची सही आली, फुटलेली कपबशी कुंडीतल्या मातीत गेली, ताप आला तरी अंगावर निघाला. आई बिचारी पोरीचे हात गार पाण्यात धरून म्हणायची, अगं, बाबांचा जीव आहे तुझ्यावर. असेलही. पण जीव असा हातावर उतरलेला मी पाहिलाय, आणि त्याचे वळ चार दिवस राहायचे.

टाचणी मोठी झाली. लोक म्हणायचे, बाप कडक म्हणून पोरीनं नाव काढलं. कपड्यांच्या कारखान्यात कापणी विभागात नोकरी लागली. लग्न ठरलं तेव्हा मास्तरांनी मला तेल लावून चकाचक केलं आणि तिच्या हातात दिलं. लेकीला निघताना काही तरी मोलाचं द्यावं, तर यांनी मला दिलं. हिच्यामुळेच तू माणसात आलीस, म्हणाले. ती "हो बाबा" म्हणाली आणि मला बॅगेत घातलं.

नवरा तिनं स्वतः निवडला. पोस्टातला कारकून, आवाज इतका हळू की शिक्का मारतानाही माफी मागेल. लग्नानंतर आठवड्याभरात त्यानं डास मारायला हात उचलला, तर ही पलंगाच्या कोपऱ्यात, दोन्ही हात डोक्यावर. बिचाऱ्याचं धाबं दणाणलं. तेव्हापासून तो आधी पुकारा करतो, डास आहे हं, मारतोय. तोवर डास उडून जातो. त्या घरातले डास फार सुखात आहेत.

कारखान्यात ती प्रत्येक कापड तीनदा मोजायची, आणि तेही दहापासूनच. तिथे धड पट्ट्या ढिगानं पडल्या होत्या, तरी हिला मीच लागायचे. कुणी नुसतं हाक मारलं तरी आधी "माझं चुकलं" म्हणायची आणि मग विचारायची, काय झालं? एकदा तर खुर्चीला धक्का लागला म्हणून तिनं खुर्चीची माफी मागितली. मी लाकूड असून मला लाज वाटली.

मुख्य कटरची जागा रिकामी झाली तेव्हा सुपरवायझर बाईंनी तिलाच बोलावलं. तुझ्याइतका स्वच्छ हात इथे कुणाचा नाही, म्हणाल्या. काम कापडाचे ऐंशी थर एकावर एक लावून यंत्रानं एकदम कापायचं. टाचणीनं ते थर पाहिले आणि एका चुकीत किती कपडे जातील ते मोजलं. "माझ्याकडून चुकेल, बाई," एवढंच म्हणाली. जागा दुसऱ्या एकीला मिळाली. ती आठवड्यातून दोनदा चुकायची, "अरेच्चा, चुकलं" म्हणायची आणि चहा प्यायला जायची. आज ती अख्ख्या विभागाची प्रमुख आहे. मास्तर ज्याला धडा म्हणत होते, त्याची ही फळं.

मग टाचणीला मुलगी झाली. एका जागी ठरायची नाही, म्हणून नाव पडलं भिंगरी. टाचणीनं नोकरी सोडली आणि घरीच कोट शिवायला घेतले. तान्ह्या पोरीला मांडीवर घेऊन ती नवऱ्याला म्हणाली होती, "हिला मी कधी बोट लावणार नाही."

माझा विश्वास नव्हता. तोंडानं शपथ घेता येते, हाताचं काय? दोनदा तर तिची बोटं माझ्यापर्यंत येऊन परत गेली. एकदा सांडलेल्या दुधावरून, एकदा हरवलेल्या बुटावरून. मला टाकून नवी पट्टी आणावी, एवढी साधी गोष्ट तिला सुचत नव्हती. किंवा सुचत असेल, पण नवी आणली की हिचं काय करायचं हा प्रश्न तिला सोडवायचा नसेल.

आई वारल्यावर मास्तर लेकीकडे राहायला आले. नजर मंद झालेली. खिडकीशी बसून बटणं लावायचे आणि नातीला शिस्त नाही म्हणून कुरकुरायचे.

त्या दुपारी टेबलावर एका वकिलाच्या कोटाचं कापड होतं. दोन दिवसांनी वकील कोट न्यायला येणार होते. टाचणी दोरा आणायला खाली गेली होती. परत येऊन पाहते तर कोटाच्या पाठीला मधोमध वाटीएवढं गोल भोक. तसलं कापड बाजारात उरलं नव्हतं. भिंगरी टेबलाखालून मांजर ओढून काढत होती.

मास्तरांना धूसर दिसलं, पण गोल दिसलं. "शेफारलीय पोर," ते म्हणाले. "घे पट्टी. मी मार खाल्ला, तू खाल्लास, काय वाईट झालं आपलं?"

टाचणीनं ते भोक बोटांनी चाचपलं. आणि तिनं मला उचललं. मास्तर मला धरायचे तेव्हा त्यांचा अंगठा सत्तरच्या खुणेवर असायचा. तिचाही बरोब्बर सत्तरवर बसला. कुणी शिकवला नव्हता. खरं सांगते, तीस वर्षांत मला माझीच एवढी भीती कधी वाटली नव्हती.

"इकडे ये," ती भिंगरीला म्हणाली, आणि मी वर गेले.

भिंगरीनं माझ्याकडे पाहिलं. मांजर सोडलं. मग धावत जाऊन दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली, टाचा जुळवून, हनुवटी वर करून. दर दोन-तीन महिन्यांनी टाचणी मला तिच्या डोक्यावर आडवी धरून चौकटीवर खडूनं खूण करायची. पट्टी वर गेली म्हणजे आपली उंची मोजायची, यापलीकडे त्या पोरीला माझा उपयोगच माहीत नव्हता.

"थांब, चप्पल काढते," ती म्हणाली. "नाहीतर खोटी वाढेन. आणि आई, ते भोक मी पाडलं. मांजरीला उशी करायची होती. जरा मोठंच झालं."

कुणी विचारलं नव्हतं. तिनं नुसतं सांगून टाकलं, चप्पल काढता काढता.

मी हवेतच होते. मग अंगठा सत्तरवरून सुटला. तिनं मला पोरीच्या डोक्यावर आडवं टेकवलं, चौकटीवर खूण केली आणि तिथेच फरशीवर बसली. रडली, आवाज न करता, लहानपणासारखीच.

"दोन सेंटीमीटर वाढलीस," खडूच्या खुणेकडे पाहत ती म्हणाली. "आणि मला तुझा खूप राग आलाय."

"मग?" भिंगरीनं विचारलं.

"मग काही नाही. राग आलाय, तो जाईल. माझ्या कापडाला मला विचारल्याशिवाय कात्री लावायची नाही."

भिंगरी "बरं" म्हणाली आणि उशी दाखवायला आणली. टाचणीनं वकिलाला फोन लावला. कापड वाया गेलंय, तसलं मिळत नाही, त्याच्या जवळचं दुसरं आणून शिवते, चार दिवस लागतील, असं सरळ सांगितलं. त्यांनी दहा मिनिटं तिला सुनावलं. तिनं ऐकून घेतलं. जोड नाही, कफ नाही, झाकाझाक नाही. फोन ठेवल्यावर तिनं इकडे तिकडे पाहिलं. आभाळ कोसळलेलं नव्हतं.

मास्तर खिडकीशी तसेच बसून होते, सुई हातात धरून. चौकटीवरच्या खुणांकडे डोळे बारीक करून म्हणाले, "अख्ख्या गावाची मापं घेतली मी. तुझी उंची कधी मोजली नाही."

टाचणीनं मला चौकटीला टेकवून ठेवलं. "आता वाढत नाही मी, बाबा," ती म्हणाली, आणि त्यांच्या सुईत दोरा ओवून दिला.

दुसऱ्या दिवशी घरात स्टीलची नवी पट्टी आली. फार चकाकते, शून्यापासून सुरू होते, आणि त्याचा तिला भारी तोरा आहे. मी दाराशी असते. कापडाला आता माझी गरज नाही, डोक्यावर आडवं टेकायला आकडे लागत नाहीत, आणि दोन-तीन महिन्यांतून एकदाच काम असतं. या वयात याहून चांगली नोकरी मिळायची नाही.

तुमच्या घरात माझी कुणी बहीण असेल, पट्टी, पट्टा, लाटणं, चप्पल, तर तिला तिचं काम करू द्या. आम्ही हातात आलो की हात मागे घ्यायचा की टाचा जुळवायच्या, हे पोर तुमच्याकडूनच शिकतं. चला, भिंगरी शाळेतून आली वाटतं. मागच्या आठवड्यातच मोजलीय, तरी पुन्हा चौकटीला पाठ लावून उभी आहे.