पाच हिरव्या बांगड्या

झुंबरबाईच्या पदराखाली काहीतरी किणकिणलं, तसं तुळजाबाईनं तीळ पाखडणं थांबवलं.

"पदरात काय हाय?"

"काय न्हाई जाऊबाई. घरी चालले."

"घर तिकडं हाय तुझं."

झुंबरबाई उंबऱ्याशी घुटमळली. खुंटीवरच्या घोंगड्याकडं तिनं एकदा बघितलं आणि निघून गेली. सूप तुळजाबाईच्या मांडीवर तसंच राहिलं.

आठ दिवसांपासून केदारखेड्यात एकच बोलणं:

औंदा संक्रांत एकुलत्या एका पोरावर आलीय.
एकाच पोराच्या आईनं पाच हिरव्या बांगड्या भराव्या.
सोता घेऊ नये. कमीत कमी दोन पोरांच्या आईनं घेऊन द्याव्या.
भोगीच्या आत.
जुन्या चालत न्हाईत.

शेवटचं वाक्य तुळजाबाईला पहिल्यांदा खुपलं. जुन्या का चालू नयेत?

तिला दोन मुलगे. मच्छिंद्र शेतात होता. धर्मराज लढाईत भरती होऊन बर्म्याकडं गेला, आणि लढाई संपल्यावरची ही दुसरी संक्रांत. पत्र नाही, तार नाही. तार नाही म्हणजे पोरगा आहे, असं ती म्हणायची. थंडी वाढली तेव्हा नवऱ्यानं, रामरावनं, धर्मराजचं घोंगडं खुंटीवरून काढून मच्छिंद्राच्या अंगावर टाकलं. सकाळी तिनं ते झटकून परत खुंटीला लावलं.

झुंबरबाईला तीन मुलगे. पदराखाली बांगड्या असतील, तर त्या तुळजाबाईलाच द्यायला आणलेल्या.

हे बोलणं निघालं कुठून, याचा माग तुळजाबाई काढत गेली. मागे, मागे.

झुंबरबाईला कुणी सांगितलं? गोजरबाईनं.

गोजरबाईला?

"बाजारात ऐकलं बाई. बद्रीनाथ बांगडीवाल्याकडं. पिंपळगावच्या बाया म्हणून राह्यल्या, असं म्हणला तो."

पिंपळगाव रेणुकाई तुळजाबाईचं माहेर. भाऊ संक्रांतीचं घेऊन आला होता. त्याला भाकरी वाढता वाढता तिनं विचारलं.

"आमच्याकडं तर केदारखेड्याच्या बाया म्हणत्यात असं ऐकलं," भाऊ म्हणाला.

"कुणाकडून?"

"बद्रीनाथकडून. तिथल्याबी बाजारात बसतो की तो."

तिचा हात परातीवर थांबला. मार्गशीर्षात तिनं बद्रीनाथकडं लाल बांगड्या मागितल्या होत्या. औंदा हिरव्याच आणल्यात, म्हणाला होता. तेव्हा संक्रांतीचं पंचांगसुद्धा कुणी वाचलं नव्हतं.

सगळंच असं होत चाललेलं. तीळ घरचे, गूळ गुऱ्हाळावरचा, एवढ्यात सण व्हायचा. आता हलवा कागदाच्या पुडीत, पुडीवर दुकानाचं नाव. वाणाला जर्मनच्या, हलक्या ॲल्युमिनच्या वाट्या; ज्या घरी जावं तिथं तीच वाटी. आणि आता भीतीही दुकानातलीच.

सांगायचं. उद्याच, विहिरीवर, सगळ्यांसमोर.

"ऐका गं," तुळजाबाईनं घागर खाली ठेवली. "त्या बद्रीनाथनं..."

"काकू, तुमच्याकडंच येणार होते." मधेच शेजारची नंदाबाई. ओले हात लुगड्याला पुसत, कडेवरचं एकुलतं पोर सावरत. "बांगड्या तुम्ही द्या मला. दोन पोरांची आई लागती ना."

रहाटावरचा झुंबरबाईचा दोर थांबला. गोजरबाई पाण्यात बघू लागली.

तुळजाबाईनं नंदाबाईचा चेहरा निरखला. कीव? चेष्टा? का कुणी शिकवून पाठवलेली? नंदाबाई लग्न होऊन आली तेव्हा धर्मराज गावातून गेलेला होता. तिनं त्याला पाहिलंही नव्हतं.

"माझ्याकडं ये म्हणून कुणी सांगितलं तुला?"

"कुणी कशाला सांगतंय?"

"द्वारकाबाईला चार हायत. तिच्या दारावरून आलीस ना?"

"तुम्ही घोंगडं झटकता रोज. आमच्या अंगणातून दिसतंय. माणूस यायचा नसला तर कोण झटकतंय?" ती हसली. "धर्मराजभाऊजी आले म्हंजी सांगते त्यास्नी, पाच बांगड्यांसाठी तुमच्या आईनं माझी किती तपासणी केली ते."

तुळजाबाईनं घागर उचलली. पुन्हा खाली ठेवली.

"बद्रीनाथचं काय सांगून राह्यल्या होत्या, तुळजाबाई?" गोजरबाईनं विचारलं.

"काय न्हाई. दुकान कवर उघडं असतंय, इचारत होते."

बद्रीनाथच्या दुकानात पेंढ्यातून नुसता हिरवा रंग वर आलेला होता. सवयीनं त्यानं तिचा हात मापाला धरला, आणि धरल्या धरल्या नजर खाली घातली.

"भरायच्या का द्यायच्या?"

तिनं हात काढून घेतला.

"द्यायच्या. नंदाबाईच्या मापाच्या."

"बराबर." त्यानं पाच काढल्या. तिनं एकेक उजेडात धरून पाहिली, एकमेकींवर वाजवून पाहिली. एक बदलून मागितली.

"दोन लेकरं हायत माझी."

"माहीत हाय की."

"काय माहीत हाय?"

बद्रीनाथ पुडी बांधत राहिला. दोऱ्याची गाठ तिनं ओढून पाहिली.

पायरीवर एक परगावची बाई उभी होती, पोराचं बोट घट्ट धरून. आत यावं की नाही अशी.

"मावशी, ते संक्रांतीचं खरं हाय का हो? का आपलं उगंच?"

तुळजाबाईनं मागं वळून बद्रीनाथकडं बघितलं. तो पेंढा सारखा करत होता.

"बिलकुल खरं हाय," ती म्हणाली. "पिंपळगावच्या बाया म्हणून राह्यल्या."