फायबरचा रोलर

खंडेनवमीला आबांना कारखान्यात न्यायचं, हे माधवीनंच कबूल केलं होतं. आता ते तिच्याच गळ्याशी आलं होतं.

कऱ्हाटी रस्त्यावरचा तो साखर कारखाना बंद पडून जमाना झाला. आता तिथं बारामतीतल्या एका कंपनीचं ऑफिस होत होतं, आणि ते करणारी आर्किटेक्ट म्हणजे माधवी, सर्जेराव आबांची लेक! सर्जेराव तिथले जुने फिटर. कारखान्याला कुलूप लागलं तरी दर खंडेनवमीला हा गडी कुंपणातून आत शिरून ऊस पिळायच्या रोलरला हळदकुंकू लावून यायचा. "रोलर जागचा हलणार नाही, आबा," असं माधवीनं त्यांना सांगितलं होतं. कंपनीला मात्र नेमकी तिथंच लिफ्ट हवी होती. मग बाई भांडल्या का? छे! मान डोलावून मोकळ्या झाल्या. रोलर भंगारात गेला आणि रिसेप्शनमध्ये हुबेहूब तसाच फायबरचा उभा राहिला, वर गंजाचा रंगसुद्धा दिलेला. आबांना काय कळतंय, म्हणे! आज गाडीतून उतरताना मात्र तिनं आबांकडं बघायचं टाळलं.

सर्जेरावांनी दत्तोबालाही आणलं होतं. हा गव्हाणीत ऊस टाकणारा त्यांचा जुना जोडीदार. आता दोन्ही डोळे अधू.

"कुठं हाय ओ, सर्जेराव?" दत्तोबा चाचपडत म्हणाला.

सर्जेरावांनी पुढं होऊन रोलरवर हात ठेवला. बोटानं हलकेच टकटक केली. आत सगळं पोकळ. त्यांनी वळून लेकीकडं पाहिलं. आता आबा दत्तोबादेखत लाज काढणार, असं माधवीला वाटलं. काढावी, असंही वाटलं.

दत्तोबाचा हात रोलरकडं निघाला तसा सर्जेरावांनी तो मधेच धरला.

"हात नगं लावू, दत्तोबा. रंग वला हाय. लांबनंच पाया पड."

दत्तोबानं हात जोडले. त्याच्या डोळ्यांना धार लागली. "लेक गुणाची हाय तुमची. दुसऱ्या कुणी भंगारात घातला असता."

"व्हय," सर्जेराव म्हणाले.

त्यांनी खिशातून हळदकुंकवाची पुडी काढली आणि माधवीच्या हातात दिली. "तुझ्या हातची वस्तू हाय. तूच लाव."

"आबा..."

"लाव म्हणतो ना. त्यो उभा हाय हात जोडून."

तिनं फायबरला हळद लावली, कुंकू लावलं. शरमेनं तिचा जीव अर्धा झाला. ती मागं वळली तेव्हा दत्तोबा तसाच हात जोडून उभा होता आणि सर्जेराव रस्त्याला लागले होते, एकटेच, पायी.