लुगड्यांचं कुंपण

द्रौपदाच्या अर्ध्या एकरावर टोमॅटो छातीला लागला व्हता. तिचा नवरा ट्रकवर, महिन्यातनं दोन दिस घरी. त्यामुळं शेतातलं सगळं थोरला दीर सोमाजीच ठरवायचा. औंदा पयल्यांदा तिनं हट्टानं स्वतःच्या मनानं टोमॅटो लावला. सोमाजी एवढंच बोलला, "पीक पडलं तर पुढल्या साली मी सांगीन ते पेरायचं. मग मदी तोंड घालायचं न्हाई."

मी तिचा बांधाचा शेजारी, कुंडलिक. आळीत माझ्या बोलण्यावर कोणी इश्वास ठेवत न्हाई, आन् ते बरोबरच हाये.

वैशाख लागला, वळवाचं वारं कवाबी सुटंल असं व्हतं. सोमाजीनं आपल्या वावरातल्या टोमॅटोच्या कडंनं अख्खी ताडपत्री ताणली, भिंतीसारखी. द्रौपदा माझ्याकडं आली. "कुंडलिकभाऊ, आज थट्टा नको. आमच्याकडं ताडपत्री न्हाई. काय करू सांगा."

"ताडपत्री नकोच. वारं भिंतीला धडकलं की वरनं उडी मारतं आन् पिकावरच पडतं. त्याला गाळून घ्यायचं. बांबू रोवून त्यांना जुन्या लुगड्यांच्या पट्ट्या लावायच्या, मदी फटी ठेवून. आन् हरेक ओळीच्या टोकाला तिरका ताण, म्हंजे दोर, खुंटीला बांधून."

"एवढी लुगडी कुठनं आणू? खुंट्या ठोकणार कोण?"

"ते माझ्यावर सोड."

सकाळी जानकूकडं दाढीला बसलो. तोंडाला साबण असतानाच त्याला हळूच म्हणलो, "द्रौपदाच्या वावरात सिरियलचं शूटिंग हाये. हिरोइन रंगीत लुगड्यांच्या मदनं पळणार. कोणाला बोलू नको."

जानकूला तेवढं लई झालं. दुपारपतुर निम्मं गाव गाठोडी घेऊन बांधावर.

"माझं जांभळं पुढं लावा."

"तुझं इटकंय, मागं जाऊ दे."

सोमाजीच्या बायकोनं तर दोन आणली, तीबी नवीकोरी. टीव्हीत ओळी वाकड्या दिसाय नकोत म्हणून गडी घाम गाळून खुंट्या ठोकत व्हते. द्रौपदा हरेक ताणाला स्वतः लोंबकळून बघत व्हती. ढिला निघाला की परत ठोकाय लावायची.

सोमाजी बांधावरनं म्हणला, "काय राव, वाळवण घातलंय का?"

तिसऱ्या दिवशी दुपारी पावसासंगं वारं आलं. सोमाजीची ताडपत्री टम्म फुगली, खांबासकट उपटली आन् त्याच्याच टोमॅटोवरनं फरफटत पार वढ्यात गेली. मागं सगळं पीक पालथं. इकडं लुगडी फडफडली, दोन-चार टराटरा फाटली, बांबू करकरले. ओळी मात्र जागच्या हलल्या न्हाईत. घोसच्या घोस तसंच लटकलेलं.

वारं निवल्यावर बायका आल्या. "अवं कुंडलिकभाऊ, शूटिंग कवाय?"

"झालं की. हिरोइन ती बघा." मी द्रौपदाकडं बोट केलं. एकीनं मला ढेकूळ हाणलं. नेम चांगला व्हता.

सोमाजी चिखल तुडवत आला. ओळीच्या टोकाचा ताण हातानं हलवून बघितला, हलंना. मग म्हणला, "द्रौपदा, पुढल्या साली काय लावायचं म्हणतीस?"

"टोमॅटोच, भावजी," ती म्हणली. "आन् तुमच्या वावरातबी लुगड्यांचं कुंपण. ताण मी बांधून देईन."

सोमाजीनं मान हलवली. आडवी न्हाई, उभी.