जत्रेनं राखलेलं गुपित

मित्रांनो, हजारो डोळे माझ्याकडे लागले, पण मला असं कुणी पाहिलंच नाही. मी तंबूतल्या सिनेमाचा जुना पडदा. परंड्याच्या एका शिंप्यानं मांजरपाटाच्या सात पट्ट्या जोडून मला शिवलं. वीरप्पा माझे मालक आणि गजराबाई त्यांच्या पत्नी. दर हंगामाआधी बाई मला नीळ घालून धुवायच्या, सावलीत वाळवायच्या आणि उंदरांनी कुरतडलं असेल तिथं बारीक टाका घालायच्या.

मग सिनेमा माणसांच्या खिशात आला. तंबूत येणारे चारदोन लोकही ऊन चुकवायलाच बसत. तीन वर्षं मी गोणपाटात गुंडाळून पडलो होतो. अखेर वीरप्पांनी एका शेतकऱ्याला शब्द दिला, की येरमाळ्याच्या यात्रेत तंबू भरला नाही तर हा पडदा तुमच्या कडब्याच्या गंजीवर टाका.

त्या चैत्रात त्यांनी एक रहस्यपट आणला. एसटीत बायकोशेजारच्या सीटवर रुमाल टाकून नवरा पाणी आणायला उतरतो आणि परत येतच नाही. रुमाल तेवढा सीटवर राहतो. तो कुठं गेला, हे अगदी शेवटी उलगडतं.

मला सिनेमा दिसत नसतो, मित्रांनो. मला दिसतात ते चेहरे. पहिल्या खेळाला साठेक माणसं होती. शेवट आला तेव्हा एक म्हातारी पदर दातांत धरून बसली होती. तिच्यामागचा गडी विडी ओढायची विसरला होता. माझ्यावरचा उजेड त्या सगळ्या डोळ्यांत हलत होता, आणि एकाचीही पापणी लवत नव्हती. मी थक्क झालो.

खेळ सुटला तशा गजराबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. शेवट बाहेर फुटला तर पुढच्या खेळाला कोण येणार? त्यांनी एकेकाला यात्रेच्या देवीची, येडेश्वरीची आण घालून सोडलं. सर्वांत मागं होते व्यंकट, फाट्यावरचे चहावाले. यांच्या तोंडात तीळ भिजत नाही, अशी त्यांची ख्याती.

"व्यंकटराव, तुमचीच मला लई धास्ती हाय," बाई म्हणाल्या.

"घेतो की आण," ते म्हणाले. "पर घरी आमची शिवलीला मला खाऊन टाकील."

पुढचं मला रांगेतल्या लोकांच्या बोलण्यातून कळत गेलं. चहाला आलेला प्रत्येक जण व्यंकटना शेवट विचारी आणि ते नुसती मान हलवत. गिऱ्हाइकांनी टोमणे मारले. शिवलीलाबाईंनी ताट वाढलं, पण बोलणं टाकलं. व्यंकटसुद्धा बोलत नाही म्हणजे त्या सिनेमात काहीतरी आहे, असं लोक म्हणू लागले. यात्रेच्या रिवाजाप्रमाणे देवीसाठी चुनखडी वेचून आलेली माणसं थेट तंबूकडं वळू लागली. चौथ्या दिवशी वीरप्पांना तंबूच्या कनाती मागं सरकवून जागा वाढवावी लागली. एवढी मोठी यात्रा, पण एकानंही आण मोडली नाही.

पाचव्या दिवशी दुपारी शिवलीलाबाई स्वतः आल्या. खेळ सुटला तरी त्या बसूनच होत्या. व्यंकट बिचकत त्यांच्याजवळ गेले.

"एवढं मोठं तुम्ही पोटात ठिवलं व्हय?" शिवलीलाबाईंनी हळूच विचारलं. "मला वाटायचं, तुमच्यातलं मला न ठावं असं काय ऱ्हायलंच न्हाय."

थोड्या वेळापूर्वी त्या माझ्याकडे जशा पाहत होत्या, तशाच आता नवऱ्याकडे पाहत होत्या.

तो शेतकरी त्या संध्याकाळी मला न घेताच गेला. तोही सिनेमा पाहून गेला होता. गजराबाईंनी मला उतरवलं, झटकलं आणि घडीत कडुनिंबाचा पाला घातला.

मित्रांनो, गोष्टीचा शेवट ज्याचा त्याला पाहू द्या. तो हिसकावून घेऊ नका. आणि तुमच्या गावी तंबू लागला, तर भज्यांचे तेलकट हात मला पुसू नका. माझ्यावर पडलेला डाग नायिकेच्या गालावर उमटतो, आणि बिचारीला तो खेळभर पुसता येत नाही.