एमिलच्या मुरघासावरचा टायर

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे. नाकं मुरडू नका! नेब्रास्कातल्या एमिल व्होन्द्राच्या ट्रकला लागून उमेदीच्या काळात मी त्याची गुरं बाजारात पोचवली. झिजलो तेव्हा वाटलं, संपलं आपलं. पण एमिलने मला मुरघासाच्या, म्हणजे हिवाळ्यासाठी हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या, ढिगावर कामाला लावलं.

सप्टेंबरात मका ओलसर असतानाच एमिल त्याची कुट्टी करायचा. ओल बघायला मूठभर कुट्टी दाबायचा, गोळा हळूहळू सुटला की म्हणायचा, "जमलं!" मग ढिगावर ट्रॅक्टर पुढे-मागे फिरवून आतली हवा काढायची, वर प्लास्टिक अंथरायचं आणि त्यावर आम्ही टायर, एकमेकांना खेटून. हवा शिरली की चारा सडलाच. हिवाळाभर गुरांचं पोट आमच्या भरवशावर असायचं.

टायर टाकायचा दिवस म्हणजे घरचा सणच. एमिलची बायको व्हर्ना खसखशीचे गोड पाव भाजायची. मुलगा लायल मला वर फेकताना ओरडायचा, "बाबा, हा तर तुमच्यापेक्षा जड आहे!"

"वजन आहे म्हणूनच ठेवलाय त्याला," एमिल हसायचा. मला काय भारी वाटायचं म्हणून सांगू!

पुढे लायल नोकरीसाठी डेन्व्हरला गेला, तरी त्या दिवसाला यायचा. शेवटच्या वर्षी फोनवर म्हणाला, "शनिवारी नक्की येतो, बाबा." तो आला की शेत आणि गुरं त्याच्या हाती द्यायची, असं एमिलने मनाशी ठरवलं होतं.

ढीग दाबून तयार होता. व्हर्ना म्हणाली, "शेजाऱ्यांना बोलावू. आजच झाकून टाकू."

"पोरगा येतोय ना! त्याच्याशिवाय टायर टाकायचे?"

"मका काय तुझ्या पोराची वाट बघणार आहे?"

"चार दिवसांनी काय आभाळ कोसळतंय?"

शनिवारी लायल आला नाही. पुढच्या शनिवारी येतो म्हणाला. एमिल थांबला. ढिगातून वाफा निघायला लागल्या, वर पाऊसही पडून गेला. मी कडेला पडून सगळं बघत होतो. ओरडलो असतो हो, पण टायरला कुठलं तोंड? पुढच्या शनिवारीही कोणी आलं नाही. शेवटी त्या दोघा म्हाताऱ्यांनीच आम्हाला ओढत वर नेलं. एमिल धापा टाकत माझ्यावरच बसला.

"काम निघालं असेल गं त्याचं."

"पुरे आता, एमिल," व्हर्ना म्हणाली.

हिवाळ्यात ढीग उघडला, तर वर काळा चिखल आणि खाली बुरशी. बरीच गुरं तोंड लावेनात. ज्यांनी खाल्लं, त्यांतल्या गाभण गाई गाभडल्या, वासरं पोटातच गेली. त्या साली मुलखात विकतचा चाराही मिळेना. वसंत यायच्या आत सगळी गुरं लिलावात गेली.

त्या दिवशी मात्र लायल आला. खाली मान घालून म्हणाला, "बाबा, मला शेती करायचीच नव्हती. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

एमिलने रिकाम्या कुंपणाचं फाटक ओढून लावलं. मग म्हणाला, "तेव्हाच सांगितलं असतंस, तर मी ढीग झाकला असता रे."

आता माझ्या पोटात पावसाचं पाणी साचतं आणि त्यात डास होतात. या जागी पुन्हा कोणी मका आणणार नाही, हे मला कळून चुकलंय. मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणत नाही. एवढंच करा, जाणार नसाल तर 'येतो' म्हणू नका. तिकडे तुमच्या शब्दावर कोणीतरी सगळं उघडं टाकून बसलेलं असतं.