गोदावरीत सोडलेला चार्जर

सातपूरच्या त्या मंगल कार्यालयात नवरानवरी नव्हते, तरी सभागृह गच्च भरले होते. पाळी संपवून थेट आलेले कामगार तेलकट गणवेशातच बसले होते. व्यासपीठावर शिसवी पाट, पाटावर पिवळे रेशमी वस्त्र आणि वस्त्रावर एका कंत्राटदाराचा मोबाइल. ना वायर, ना बोर्ड. तेजोनाथ महाराजांनी वरून हात धरला, मोबाइलचा पडदा उजळला आणि बॅटरीच्या चिन्हात हिरवा रंग चढू लागला.

"भरतंय! बाई गं, भरतंय!" पुढच्या रांगेतून एक बाई ओरडली.

"बोर्ड कुठंय, दाखवा मला!" महाराज गरजले. "वायर कुठंय? अरे, सूर्य कोणत्या बोर्डाला लावलाय? चंद्राचं बिल कोण भरतं? ही कॉस्मिक ऊर्जा आहे, कॉस्मिक! अमेरिकेतले शास्त्रज्ञ आत्ता कुठं जागे होतायत!"

अमेरिकेतले शास्त्रज्ञ हे आपल्याकडच्या प्रत्येक महाराजांचे अदृश्य शिष्य असतात. त्यांना नाव नसते, गाव नसते आणि ते नेहमी आत्ताच जागे झालेले असतात. इतिहास शिकवण्यात माझी हयात गेली. सिद्धींच्या कथा मी पोथ्यांतून भरपूर वाचल्या आहेत. पूर्वीचे सिद्ध निदान भिंत चालवत, रेड्याला बोलता करत. आताच्यांची मजल मोबाइलपर्यंत येऊन थांबली आहे.

माझ्या शेजारी सहादूभाऊ बसले होते. त्यांची पाळी आली. पाटावर त्यांचा साधा, कडा उडालेला मोबाइल ठेवला गेला. महाराजांनी हात धरला, डोळे मिटले. काही झाले नाही.

"संशय आहे मनात," महाराज डोळे न उघडताच म्हणाले. "कुणाबरोबर आलात?"

सहादूभाऊंनी वळून माझ्याकडे पाहिले. सभागृह हसले.

एक गोष्ट मात्र माझ्या नजरेतून सुटली नाही. ज्यांचे मोबाइल महाग, त्यांची श्रद्धा पक्की निघत होती. ज्यांचे स्वस्त, त्यांच्या मनात संशय सापडत होता. परमेश्वरी कृपा यंत्राची किंमत पाहून उतरते, हा सिद्धान्त मला कोणत्याही पोथीत आढळला नव्हता.

सहादूभाऊ देवळाली कॅम्पात माझ्या शेजारी राहतात. ते एसटीत कंडक्टर होते. इगतपुरीच्या गाडीवर त्यांचा आवाज असा की, घाटातल्या धुक्यात चालकाला रस्ता दिसला नाही तरी प्रवाशांना थांबा कळत असे. मग घशाचा कर्करोग झाला आणि शस्त्रक्रियेत स्वरयंत्र गेले. तेव्हापासून ते मुठीएवढी एक नळी गळ्याला टेकवून बोलतात. नळी थरथरते, ओठ शब्दांना आकार देतात आणि एकसुरी, घरघरता आवाज बाहेर पडतो. ही नळी बॅटरीवर चालते. ती उतरली की सहादूभाऊ मुके होतात.

त्यांच्या पत्नी सिंधुबाई. मधुमेहाने त्यांचे डोळे नेले होते आणि आता तो मूत्रपिंडांवर आला होता. डायलिसिससाठी शहरातल्या रुग्णालयात सारख्या खेपा पडत. माणसे खुणेने, हसून, कागदावर लिहून एकमेकांशी बोलू शकतात. पण ज्या घरात एकाला वाचा नाही आणि दुसऱ्याला दृष्टी नाही, तिथे नवराबायकोमधला सगळा संसार त्या एका नळीवर उभा असतो.

सिंधुबाईंना ती आवडत नसे. "अहो, तुमी बोलताय का पिठाची गिरणी?" त्या म्हणत. "माझा नवरा कुटं गेला? लय गोड बोलायचा तो."

"तो रिटायर झाला," सहादूभाऊ नळीतून घरघरत आणि दोघेही हसत. सहादूभाऊंचे हसणे मात्र बिनआवाजी असे, त्यामुळे ते हसले हे सिंधुबाईंना कळत नसे.

रुग्णालयाच्या खेपा वाढल्या आणि नळीचा मूळ चार्जरही बिघडला, तेव्हा नळी, दोघांचे मोबाइल आणि घरी रक्तातली साखर मोजण्याचे यंत्र यांच्यासाठी प्रवासात व घरी चालेल असा एकच चार्जर त्यांना हवा होता. माझी पुतणी स्नेहल कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते. तिने तो निवडून, एका पिशवीत घालून आणला.

"काका, किती भोकं आहेत यावर चार्जर घ्यायचा नसतो," ती त्यांना सांगत होती. "सगळं एकदम लावलं की शक्तीची वाटणी होते. मग कुणाचंच पोट भरत नाही. एका जागेतून किती मिळते, चार लावल्यावर किती उरते, ते बघायचं. मानक चिन्ह बघायचं. आणि तुमच्या नळीची पिन गोल, जुन्या पद्धतीची आहे. ती कुणाच्या चार्जरला बसणार नाही. म्हणून ही वेगळी वायर. ही याच पिशवीत राहू द्या, दुसरीकडे ठेवू नका."

"कंडक्टरची पिशवी हाय," सहादूभाऊ म्हणाले. "हरवत नसती."

ती हरवली नाही. ती विधिपूर्वक बुडवली गेली.

आमच्याच गल्लीतले यादव हे तेजोनाथांचे मुख्य सेवेकरी. त्यांनी सहादूभाऊंना सिद्ध डब्याविषयी सांगितले: तळहाताएवढा डबा, त्यातून निघालेल्या नाना तोंडांच्या वायरी, वर हिरव्या दिव्यांची रांग. बोर्डाला लावायचा नाही, तेज आकाशातून येते. श्रद्धा कमी पडून ते ओसरले, तर डबा रात्रभर महाराजांच्या मठातल्या गाभाऱ्यात ठेवायला द्यायचा. आणि मग एक वाक्य, ज्यासाठी माझ्या मते वेगळे कलम असायला हवे. "भाऊ, सिद्ध तेजावर नळी भरली ना, की आवाज हळूहळू मऊ होतो. तुमचा मूळचा आवाज परत येतो. महाराजांनी स्वतः सांगितलंय."

मी त्यांना समजावले. मूळचा आवाज जिथून येत होता तो अवयवच शरीरात नाही, हेही सांगितले. त्यांनी नळी गळ्याला लावली.

"सर, तुमचं खरं असंल. पर तिचे दिवस थोडे हायत. येकदा तरी तिला माजा आवाज ऐकू दे."

मी त्यांच्याबरोबर सातपूरला गेलो. मोबाइल भरला नाही, उलट संशयाचे खापर माझ्यावर फुटले आणि सहादूभाऊंना डबा मिळाला. त्याबरोबर अट मिळाली: दोन शक्ती एका घरात नांदत नाहीत, जुना चार्जर वायरींसकट गोदावरीत सोडायचा.

आपण निर्माल्य नदीत सोडतो. भंगलेली मूर्ती सोडतो, फाटलेली पोथी सोडतो, पूर्वजांच्या अस्थी सोडतो. ज्याचे काम संपले ते आदराने गोदामाईच्या ओटीत घालावे, ही आपली रीत. तेजोनाथांचे कसब असे की, त्यांनी या रीतीला नवे काम लावले: ज्याचे काम संपलेले नाही तेच सोडायला लावायचे, म्हणजे तुलना करायला घरात काही उरत नाही. घाटावर तेव्हा माणसांची रांग होती. चार्जरला हळदकुंकू वाहून, हात जोडून लोक तो पाण्यात सोडत होते. सहादूभाऊंनी स्नेहलने दिलेली पिशवी तशीच सोडली. हे तिला सांगायचे धाडस त्यांना झाले नाही.

आरंभी डबा चालला. नळी भरली, मोबाइल भरले. यादव येऊन "बघा!" म्हणून गेले. सिंधुबाईसुद्धा कौतुकाने म्हणाल्या, "आज गिरणी जरा बारीक दळती हाय." आवाज तोच होता. नवऱ्याला बरे वाटावे म्हणून बोललेले ते खोटे होते.

त्यानंतरच्या एका दुपारी स्नेहलला रुग्णालयातून फोन आला. सरिता नावाच्या परिचारिकेचा. सहादूभाऊंनी खिशातले, स्नेहलच्या क्रमांकाचे चिटोरे तिच्या हाती दिले होते. ती आणि मी पोहोचलो तेव्हा सिंधुबाईंचा शेवट जवळ आला होता. सहादूभाऊ खाटेशी बसून गळ्याला नळी दाबत होते. नळी थरथरत नव्हती. मांडीवरच्या डब्यावर मात्र सगळे हिरवे दिवे लखलखत होते.

"सगळ्या वॉर्डचे चार्जर आणून बघितले, ताई," सरिता रडवेली झाली होती. "एकाची पिन बसेना. दिवे लागलेत ना, म्हणून ते त्या डब्यालाच धरून बसलेत."

"काका, मी दिलेली पिशवी?" स्नेहलने विचारले.

त्यांनी हाताने वाहते पाणी दाखवले. ती तशी वायर शोधायला पळत बाजारात गेली.

सिंधुबाईंचे डोळे उघडे होते, पण ते कुठेच पाहत नव्हते. "अहो," त्या म्हणाल्या, "हाय का तुमी?"

सहादूभाऊंनी त्यांचा हात धरला. पण दिवसभर किती हात तो हात धरत होते: परिचारिकेचे, डॉक्टरांचे, माझा. "वहिनी, ते इथंच आहेत," मी म्हणालो.

"तुमी कशाला सांगता, सर? त्यास्नी बोलू द्या." त्या थांबल्या, श्वास गोळा केला. "रागावले जनू. गिरणी म्हनते म्हनून. अहो, गिरणीवानी बोला. चालंल."

माणसाचे तोंड इतके हलताना आणि त्यातून इतके काहीच न निघताना मी पाहिलेले नाही. मग सहादूभाऊंनी नळी टाकली आणि बोटातली अंगठी खाटेच्या लोखंडी कठड्यावर आपटली. एकदा.

एसटीत बसलेल्या प्रत्येकाला ही भाषा येते. एक घंटी म्हणजे गाडी थांबवा. दोन म्हणजे जाऊ द्या.

सिंधुबाईंच्या ओठांवर काहीतरी हलले. "थांबू म्हनता व्हय?" त्या म्हणाल्या. "बरं."

त्यानंतर त्या बोलल्या नाहीत. सहादूभाऊ मधून मधून कठड्यावर एकच टोला देत राहिले. स्नेहल वायर घेऊन परतली तेव्हा तो टोला ऐकणारे कुणी उरले नव्हते. दशक्रिया गोदावरीच्या घाटावर झाली, जिथे पिशवी सोडली होती तिथून थोड्याच अंतरावर. नळी आता भरलेली होती. सहादूभाऊंनी ती खिशातून काढलीच नाही.

काढली ती सातपूरला, तेजोनाथांच्या पुढच्या दरबारात. तेच सभागृह, तोच पाट, तसाच कुणाचा तरी महागडा मोबाइल उजळलेला. स्नेहल रांगेतून व्यासपीठावर गेली आणि पाटावर तिने मोबाइल नव्हे, तांब्याच्या तारेचे एक वेटोळे ठेवले. त्याच्या टोकांना मोहरीएवढा दिवा होता. दिवा लुकलुकू लागला.

"महाराज, या तारेची श्रद्धा कुठून आली?" तिने विचारले. वेटोळे तिने पाटाच्या कडेला सरकवले, दिवा विझला. मध्ये आणले, पुन्हा लुकलुकला. "आणि मधल्या एवढ्याशा जागेतच कशी येते?"

"ओ ताई, पाटाला हात लावू नका!" यादव धावले. तोवर तिने वस्त्र उचलले होते. पाट मध्ये कोरलेला होता. त्या खोबणीत, बाजारात कुठेही मिळणारी, वायरीशिवाय मोबाइल भरणारी चकती बसवलेली होती आणि पाटाखाली तिला जोडलेली बॅटरी होती.

"या चकतीत तारेचं वेटोळं आहे," ती लोकांकडे वळली. "महाग मोबाइलच्या पाठीत तसंच दुसरं असतं. एकातून बदलती वीज फिरली की जवळच्या दुसऱ्यात वीज निर्माण होते. स्वस्त मोबाइलमध्ये ते वेटोळंच नसतं. पाप नसतं, संशय नसतो, तार नसते. बस्स."

मग तिने पेचकसाने सहादूभाऊंचा डबा उघडला. आत जुन्या मोबाइलमधून काढलेली बॅटरी, वजनासाठी लोखंडाचा तुकडा आणि दिव्यांची रांग थेट बॅटरीला जोडलेली. "एवढ्या बॅटरीत यंत्रं थोडे दिवसच भरतात. दिव्यांना मात्र नखभर वीज पुरते. डबा रिकामा झाला तरी दिवे हिरवेच राहतात. श्रद्धा कमी झाली म्हणून डबा मठात परत न्यायचा, म्हणजे रात्रभर गाभाऱ्यात ठेवतात ना? तिथं तो बोर्डाला लावतात."

"उघडलं की तेज उडून जातं!" महाराज ओरडले. "सिद्ध वस्तू उघडून बघतात का?"

"तेच तुमचं सगळं भांडवल," ती म्हणाली. "कुणी उघडून बघत नाही."

सत्य उघडे पडताच लोक डोळे पुसून सुज्ञ होतात, असे ज्यांना वाटते त्यांनी मागच्या रांगेतला तो गृहस्थ पाहायला हवा होता. त्याने आपला डबा छातीशी धरून अगदी नम्रपणे विचारले, "ताई, माझा नका उघडू. उघडलेला परत सिद्ध होतो का?"

उत्तर सहादूभाऊंनी दिले. ते माइकपुढे उभे राहिले आणि त्यांनी गळ्याला नळी लावली. तो आवाज प्रथम ऐकणारी माणसे दचकतात. सभागृहही दचकले.

"म्या चांगला चार्जर पान्यात सोडला. हात जोडून सोडला. माजी बायको आंधळी व्हती. ती शेवटाला म्हनली, गिरणीवानी बोला, चालंल. आन् ह्या डब्याचे दिवे चालू व्हते." ते थांबले, नळी एकटीच क्षणभर घरघरली. "तुमी देव माना. म्याबी मानतो. पर देवाच्या नावानं कुनी वस्तू दिली तर ती आदी उघडून बघा. बोर्डाला लावून बघा. शिकल्यालं मानूस असंल त्याला इचारा. आन् घरातलं चांगलं, चालतं, ते पान्यात सोडू नका. नदी परत देत न्हाई."

महाराज मागच्या दाराने निघून गेले होते. कुणाचे तिकडे लक्ष नव्हते. सहादूभाऊंनी नळी खाली घेतली, खिशात ठेवली. मग त्यांनी माइकच्या लोखंडी दांड्यावर अंगठी वाजवली.

एकदा. आणि थोड्या वेळाने, पुन्हा एकदा.