मोडकी हाक

चुलीतल्या विस्तवाची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे! खोटं निघालं तर अल्वंद डोंगरावरची गिधाडं माझी जीभ खावोत.

अर्तिमाच्या दारात अश्शूरच्या राजाचा सरदार उभा होता. घोडे शिकवायला त्याला तिचा लेक सतर्पा हवा होता. एकदा नेलेला माणूस परत कधी दिसत नसे, म्हणून तिनं पोराला वर कुरणात लपवलं होतं.

"हाक मार त्याला," सरदाराचा दुभाषी म्हणाला, "नाहीतर म्हाताऱ्याची मान गेली."

म्हातारा म्हणजे तिचा सासरा. अंथरुणाला खिळलेला, जीभ मात्र कात्रीसारखी. "घेऊन जा रे मान, तशीही दुखतेच आहे!" तो आतून ओरडला.

दुभाषी परका. आपल्या मीडी लोकांचे शब्द तो शिकला होता, हाका त्याला कुठून कळणार? अर्तिमानं अंगणात जाऊन मेलेल्याची हाक घातली. लांबलचक, शेवटी मोडलेली. घरात मढं आहे, लांब राहा. ती ऐकली की आपल्यात वाटसरूसुद्धा आल्या पावली परत फिरतो.

"काय गं सूनबाई, जिवंतपणीच पोचवलंस मला?" ती आत येताच म्हातारा तिच्या कानात कुजबुजला.

"गप पडा मामंजी. नातू वाचतोय तुमचा."

पण मढं एकट्यानं उचलायचं नसतं. एकट्यानं उचललं तर त्याची पीडा उचलणाऱ्याच्या अंगात शिरते, हे आपल्यात शेंबडं पोरही जाणतं. आजा गेला, खाली आई एकटी! सतर्पानं घोडीला अशी टाच मारली, की त्याची सावली मागं कुरणातच राहिली.

अंगणात येताच शिपायांनी त्याला खाली ओढलं.

"आजोबा कुठायत?"

"आहेत रे. तू येऊ नयेस म्हणून..."

त्याला त्याच्याच घोडीमागं बांधून नेलं. त्यानंतर म्हाताऱ्यानं एकही चेष्टा केली नाही. दिवस मावळताना तो गेला.

अर्तिमानं पुन्हा तीच हाक घातली, या वेळी खरी. सरदाराच्या धाकानं शेजाऱ्यांनी दारं उघडली नाहीत. शेवटी तिनं तिरडीचं एक टोक घरच्या कुत्र्याच्या गळ्यात अडकवलं. दुसरा माणूस नसेल तर आपल्यात कुत्रं चालतं. दोघांनी मिळून म्हाताऱ्याला डोंगरावर पाखरांच्या हवाली केलं.

बरं बायांनो, माझ्याकडं बघू नका अशा. कुत्रं तेवढं माझ्या मनचं. ते शिपायांनी सकाळीच मारलं होतं.

म्हातारा तिनं एकटीनंच नेला.